स्टॉपर व्हायचंय? आधी तोंड उघडायला शीक

जुलै 2025 मध्ये चियांग माईला भारताच्या महिला फुटबॉल संघानं, म्हणजे आपल्या मुलींनी, थायलंडला त्यांच्याच घरी 2-1 असं हरवलं आणि 2026 च्या आशियाई चषकात जागा मिळवली. पात्रता फेरी खेळून तिथवर पोचायची ही आपली पहिलीच वेळ. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्यानंतर आमच्या मैदानावर नवीन आलेल्या जवळपास प्रत्येक पोरीला पुढंच खेळायचं होतं, आणि ते साहजिक आहे. टीव्हीवर गोल पुन्हा पुन्हा दाखवतात. दुसऱ्या गोलनंतर शेवटच्या शिटीपर्यंत आघाडी ज्यांनी धरून ठेवली, त्यांचं काम पुन्हा दाखवत नाहीत.

मी कोल्हापुरात मुलींना फुटबॉल शिकवते. स्वतः आधी राइट बॅक (बचावात उजव्या कडेला) आणि नंतर बरीच वर्षं स्टॉपर (बचावात मधोमध) खेळले. खाली लिहिलंय ते बॅकला खेळणाऱ्या, त्यातच करिअर करायचा विचार असलेल्या मुलीसाठी आणि तिच्या आईवडिलांसाठी. ज्या गावात साध्या लीग मॅचलाही शाहू स्टेडियम भरतं, पेठेपेठेत तालमीची टीम असते, तिथंही मुलींच्या बाबतीत ही माहिती एका ठिकाणी मिळत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बॅकची खेळाडू पायानं जेवढी खेळते तेवढीच तोंडानं खेळते. अख्खं मैदान तिच्या समोर असतं. पुढच्या सगळ्यांच्या पाठीमागं काय चाललंय ते फक्त तिला आणि गोलकीपरला दिसतं. दिसलेलं सांगितलं नाही तर दिसून उपयोग काय? आणि आपण मुलींना लहानपणापासून काय शिकवतो? हळू बोल, ओरडू नको, चारचौघांत गप्प बस. आमच्या मैदानावर पहिल्यांदा हेच पुसावं लागतं. टॅकल मी सहा महिन्यांत शिकवू शकते. आवाज फुटायला कधी कधी दोन वर्षं जातात.

वय दहा ते चौदा: जागा पक्की करू नका

"माझी मुलगी उंच आहे, तिला स्टॉपर करा," असं पालक येऊन सांगतात. अकराव्या वर्षी उंच असलेली मुलगी पंधराव्या वर्षी सगळ्यांच्या बरोबरीची असू शकते. या वयात तिला सगळीकडं खेळू दे. मिडफिल्डला खेळलेली पोर पुढं बॅकला आली की दबावाखाली बॉल घाबरून उडवत नाही, पास शोधते. आजचा फुटबॉल बॅकपासूनच सुरू होतो. नुसता लांब बॉल मारणारी स्टॉपर आता कुठल्याच चांगल्या टीमला नको असते.

दोन्ही पाय तयार कर. भिंत आणि बॉल एवढं पुरतं. रोज डाव्या पायानं भिंतीवर पास, परत आलेला बॉल उजव्यानं थांबवायचा, मग उलटं. डावखुरी लेफ्ट बॅक आणि दोन्ही पायांनी खेळणारी स्टॉपर यांची टंचाई जिल्ह्यातही आहे आणि देशातही.

हेडरची घाई नको. अमेरिकेत दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडर बंद आहे, इंग्लंडमध्येही लहान गटांतून तो टप्प्याटप्प्यानं काढून टाकतायत. मी हेडर शिकवायला उशिरा सुरुवात करते, तीही हलक्या बॉलनं आणि मोजक्या वेळा. कपाळानं मारायचं, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, मान ताठ.

समोरासमोर

समोरून फॉरवर्ड बॉल घेऊन येतेय, तुझ्यामागं फक्त गोलकीपर. पाय घालायचा मोह होईल. घालू नकोस.

आधी पळत अंतर कमी कर. मात्र शेवटची तीन-चार पावलं बारीक टाक, नाहीतर ती एका टचमध्ये तुला ओलांडून जाईल आणि तुझा वेग तुलाच पुढं नेईल. तिच्यापासून दोन पावलांवर थांब. पाय समांतर ठेवू नकोस, बॉल मधून निघून जातो. एक पाय पुढं, एक मागं, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, टाचा जमिनीला जेमतेम टेकलेल्या. अंग तिरकं. कुठल्या बाजूला तिरकं, हे तू ठरवायचं. तिला साइडलाइनकडं ढकलायचं असेल तर आतली वाट अंगानं बंद कर आणि बाहेरची उघडी ठेव. तिचा एक पाय कच्चा आहे हे पहिल्या दहा मिनिटांत लक्षात आलं असेल, तर त्या पायावर जायला लाव.

नजर बॉलवर. खांदे फसवतात, डोळे फसवतात, कंबरसुद्धा फसवते. बॉल फसवत नाही. ती जाईल तसतशी तूही मागं सरकत राहा. वेळ जातोय तो तुझ्या फायद्याचा आहे, तेवढ्यात तुझ्या टीमच्या दोघीजणी परत येतायत. कधीतरी ती बॉल जरा जास्त पुढं ढकलेल. तिच्या पायापासून बॉल सुटला, तिचा दुसरा पाय अजून पोचलेला नाही, तोच क्षण. तेव्हा जवळचा पाय घाल आणि पूर्ण अंगानिशी घाल. अर्ध्या मनानं घातलेल्या पायानं फाउलही होतो आणि दुखापतही.

घसरून टॅकल हा शेवटचा उपाय. कोल्हापूरच्या पावसाळ्यात चिखलात तो मुलींना फार आवडतो, पण घसरलेली बॅक जमिनीवर असते आणि जमिनीवरची बॅक मॅचमध्ये नसते. 'डी'मध्ये, म्हणजे आपल्या गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत, तर शक्यतो पायावर उभी राहा.

आवाज कसा तयार करायचा

नुसतं "अगं बघ की!" हे ओरडणं झालं, सूचना नव्हे. आधी नाव, मग काम. "श्रुती, डावीकडं!" "पूजा, सोड!" "आयेशा, टर्न!" नाव ऐकलं की कान टवकारतात, मग पुढचा शब्द पोचतो. 'मॅन ऑन' (अंगावर कुणीतरी येतंय), 'टाइम' (वेळ आहे), 'लाइन', 'अप' (पुढं सरका), 'अवे' (बॉल लांब मार) हे शब्द सगळ्या टीममध्ये एकाच अर्थानं वापरायचे हे आधी ठरवून घ्या. राज्याच्या संघात तुझ्या शेजारी नागपूरची असेल, लीगमध्ये मणिपूरची किंवा नेपाळची. हे शब्द सगळीकडं चालतात.

आमचा एक सराव सांगते. चार जणींचा हल्ला, तीन जणींचा बचाव. मधल्या स्टॉपरनं बॉलला पाय लावायचा नाही, फक्त बोलून बाकीच्या दोघींना हलवायचं. पहिल्या दिवशी ती गप्प उभी राहते आणि गोल होत राहतात. मग चिडून का होईना, बोलायला लागते. चिडल्यावर निघालेला तो आवाज मला हवा असतो. पुढं तो शांतपणे काढायला शिकवायचं.

ऑफसाइडची लाइनसुद्धा आवाजावरच चालते. पास निघतो तेव्हा फॉरवर्ड कुणाच्या पुढं गेलेली नको, यासाठी नियम बचाव करणाऱ्यांपैकी शेवटून दुसऱ्या खेळाडूकडं बघतो, म्हणजे बहुतेक वेळा गोलकीपरच्या पुढची शेवटची बॅक. चौघींतली एक जरी मागं रेंगाळली तरी ती समोरच्या फॉरवर्डला ऑनसाइड ठेवते. 'अप' कुणी म्हणायचं ते एकीवरच सोपवा. दोघी म्हणाल्या की गोंधळ ठरलेला.

गुडघा, रक्त, पाळी

इथं मला कळकळीनं बोलायचंय, कारण चांगल्या मुली इथंच गळतात.

गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो. बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागत नाही, वळताना किंवा उडी मारून उतरताना गुडघा आत वळतो आणि फाटतो. बॅकला तर सारखं वळावं लागतं. यावर फिफाचं 'इलेव्हन प्लस' नावाचं वॉर्मअप आहे. 15 व्यायाम, साधारण 20 मिनिटं, साहित्य जवळपास काहीच नाही. आधी पळणं, मग ताकद, तोल आणि उड्या, शेवटी वेगाचं पळणं. आठवड्यातून किमान दोनदा नीट केलं तर दुखापती लक्षणीय कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. तुमच्या कोचनं दोन राउंड मारायला लावून मॅच सुरू केली तर तू वीस मिनिटं आधी ये आणि स्वतः कर. उडीवरून उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतोय का, हे मैत्रिणीला समोर उभं करून बघायला सांग.

फाटलाच तर ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरू नकोस, कितीही मोठी स्पर्धा असो. इंग्लंडची कर्णधार लिया विल्यमसन स्टॉपरच आहे. एप्रिल 2023 मध्ये तिचा एसीएल गेला आणि त्या वर्षीचा वर्ल्ड कप तिला घरून बघावा लागला. जानेवारी 2024 मध्ये ती परतली आणि 2025 मध्ये तिनं कर्णधार म्हणून युरो कप उचलला. घाई केली नाही म्हणून ते दिसलं.

रक्त तपासून घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना ॲनिमिया होता. दुसऱ्या हाफमध्ये पाय जड होतात, कोच 'स्टॅमिना नाही' म्हणतो, आणि खरं कारण हिमोग्लोबिन असतं. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. नाचणी, शेंगदाणा-गुळाचे लाडू, मोडाची मटकी, अंडी, पालेभाजीवर लिंबू, हे आपल्याच घरातलं आहे. जेवणासोबत चहा मात्र बंद, त्यानं अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

पाळीची तारीख वहीत लिहीत जा. पाळी तीन महिने आली नाही तर 'बरं झालं, मॅचला त्रास नाही' असं समजू नकोस. बहुतेक वेळा खाणं कमी आणि सराव जास्त झालेला असतो, आणि त्यातून हाडं कच्ची होतात. डॉक्टरांकडं जा. चांगली स्पोर्ट्स ब्रा आणि मापाचे स्टड ही चैन नाही. भावाचे एक नंबर मोठे बूट घालून वळायला गेलेल्या मुली मी बघितल्यात, त्यांचे घोटे कायम सुजलेले.

शाळेपासून लीगपर्यंत

वाट साधारण अशी. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात, तालुका किंवा जिल्हा, मग विभाग, मग राज्य. शाळांच्या राष्ट्रीय सुब्रतो कपात मुलींचा 17 वर्षांखालील गट आहे. दुसरी वाट संघटनेची: जिल्हा संघटना, तिथून 'विफा' म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या निवड चाचण्या, मग सब-ज्युनिअर, ज्युनिअर आणि सीनिअर राष्ट्रीय स्पर्धा. सीनिअर महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकाला राजमाता जिजाबाईंचं नाव आहे. तो आजवर वीसहून जास्त वेळा मणिपूरनं नेलाय. आपल्या मुलींनी या नावाचा करंडक महाराष्ट्रात आणावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

त्यावर इंडियन विमेन्स लीग, म्हणजे देशातल्या महिला क्लबांची वरची स्पर्धा. 2016-17 मध्ये सुरू झाली तेव्हा ती काही आठवड्यांची स्पर्धा होती, 2023-24 मध्ये ती घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर खेळवली गेली, खाली दुसरी श्रेणीही आली. गोकुलम केरळानं लागोपाठ तीनदा जिंकली, पुढं ओडिशा, 2024-25 मध्ये ईस्ट बंगाल. आपल्या एफसी कोल्हापूर सिटीच्या मुलीही या लीगमध्ये खेळून आल्यात.

कागदपत्रं आजच नीट कर. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांत नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकसारखी हवी. काही स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वयही तपासतात, त्यामुळं वय लपवायचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, मुलीचं नाव कायमचं खराब होतं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत खेळाडूचा क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेव. सोळाव्या वर्षी पासपोर्ट काढून ठेव. भारताच्या शिबिराचं बोलावणं आल्यावर पासपोर्ट कार्यालयात रांग लावण्यात अर्थ नाही.

चाचणीचा दिवस

चाचणीत अनोळखी बावीस जणी, आणि प्रत्येकीला ड्रिबल करून दाखवायचं असतं. बॅकच्या मुलीनं नेमकं उलटं करायचं. मैदानात जायच्या आधीच शेजारच्या तिघींची आणि गोलकीपरची नावं विचार. आल्या आल्या पहिले तीन पास साधे, जवळचे, पायात. आणि पहिल्या मिनिटापासून बोल. निवड करणाऱ्या माणसाला बाकावर बसून कुणाचा आवाज येतोय, हे लगेच कळतं. चूक झाली तर मान खाली घालून उभी राहू नकोस, पळत परत ये. चुकीनंतरच्या पाच सेकंदांत तू काय करतेस, हे मी स्वतः निवड करताना आवर्जून बघते.

नाही निवडलं तर? फ्रान्सची वेंडी रेनार मार्टिनिक बेटावरून क्लेरफाँतेनच्या राष्ट्रीय अकादमीत चाचणीला आली होती, तिथं तिला घेतलं नाही. तिथून ती लिऑनला गेली. 2006 पासून ती त्याच क्लबची स्टॉपर आहे आणि युरोपातल्या क्लबांच्या आठ चॅम्पियन्स लीग तिच्या नावावर आहेत.

क्लबला व्हिडिओ पाठवताना तुकडे जोडून गाणं लावू नकोस. बॅकचं निम्मं काम बॉल नसताना असतं, ते तुकड्यांत दिसत नाही. गॅलरीत उंचावरून, मोबाइल आडवा धरून अख्खी मॅच घ्यायला कुणाला तरी सांग. सुरुवातीला जर्सीचा रंग आणि तुझा नंबर लिही. एक जिंकलेली आणि एक हरलेली, अशा दोन मॅच पाठव.

गोल तुझ्यामुळं झाला तर

ऑक्टोबर 2022 मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 17 वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल झाली. स्पेन 1, कोलंबिया 0. तो एकमेव गोल कोलंबियाच्याच आना मारिया गुस्मान या बॅकच्या पायाला लागून आत गेला, मॅच संपायला थोडीच मिनिटं उरलेली असताना. जगाच्या फायनलमध्ये स्वतःच्या गोलात! पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2023 मध्ये, ती कोलंबियाच्या मोठ्या संघातून मेलबर्नला जमैकाविरुद्ध उतरली. तिनं डावीकडून लांब क्रॉस टाकला, कातालिना उस्मेनं तो गोलात घातला आणि कोलंबिया पहिल्यांदाच वर्ल्ड कपच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचली. दोन्ही मॅचमधली मुलगी एकच, मधे दहा महिनेसुद्धा नाहीत.

माझ्या मुलींना मी ही दोन्ही दृश्यं एकापाठोपाठ दाखवते. फॉरवर्डनं पाच संधी घालवल्या तरी सहाव्या गोलनंतर सगळं माफ होतं. बॅकची एक चूक स्कोअरबोर्डवर राहते. म्हणून मॅचनंतर त्याच रात्री वहीत लिही: मी कुठं उभी होते, काय दिसलं, काय बोलले. सोशल मीडिया त्या रात्री बंद. दुसऱ्या दिवशी कोचशी बोल, मग ते पान उलट.

आईबाबांसाठी: पैसे आणि करार

मुलींच्या फुटबॉलमध्ये अजून फार पैसा नाही, हे स्पष्टच सांगते. 2023 मध्ये महासंघानं लीगच्या वरच्या श्रेणीतल्या क्लबांनी किमान दहा भारतीय मुलींशी वर्षाला निदान 3.2 लाखांचा करार करावा असं ठरवलं. म्हणजे एक पाया आहे, पण घर चालवायला तो पुरेलच असं नाही. हातातलं शिक्षण सोडू नका.

करार लेखीच हवा. माझ्याकडची एक मुलगी तोंडी बोलीवर एका क्लबकडं गेली. हंगाम संपला, ठरलेल्या पैशांतले निम्मेही आले नाहीत, आणि दाखवायला कागद नव्हता. सही करण्याआधी एवढं वाचा: मुदत किती, पगार कुठल्या तारखेला, दुखापतीचं ऑपरेशन आणि फिजिओचा खर्च कोण करणार, विमा आहे का, राहायची सोय कुठं आणि तिथं मुलींसोबत जबाबदार बाई आहे का, मधेच क्लब सोडायचा झाल्यास काय. मुलगी अठराच्या आतली असेल तर फिफाच्या नियमानं तीन वर्षांपेक्षा मोठा करार चालत नाही, आणि मोजके अपवाद सोडले तर परदेशी क्लबकडं बदलीही होत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला 'युरोपात नेतो' म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. एजंटकडं फिफाचं लायसन्स आहे का, ते विचारा.

लग्न झालं की खेळ संपला, असंही नाही. करारबद्ध खेळाडूला किमान 14 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा 2021 पासून फिफाच्या नियमांत आहे. हे सासरच्यांनाही सांगण्यासारखं आहे.

किती वर्षं, आणि मग पुढं काय

बॅकची मुलगी उशिरा बहरते आणि टिकते. मणिपूरच्या लोइतोंगबाम आशालता देवीनं ऑक्टोबर 2024 मध्ये काठमांडूला पाकिस्तानविरुद्ध भारतासाठी शंभरावी मॅच खेळली. भारतीय महिलांमध्ये ती पहिलीच, वय 31, जागा स्टॉपर. अठराव्या वर्षी नाव झालं नाही म्हणून रडणाऱ्या मुलींना मी हे वय सांगते. दिल्लीच्या दालिमा छिब्बरनं कॅनडाला शिकता शिकता तिथल्या विद्यापीठाच्या टीममधून खेळ चालू ठेवला, तीही बॅकच. शिष्यवृत्तीवर परदेशी शिकायची वाट इंग्रजी आणि बारावीचे मार्क धरून ठेवणाऱ्या मुलीलाच उघडते.

खेळत असतानाच, दोन हंगामांच्या मधल्या सुट्टीत, महासंघाचं कोचिंगचं 'डी' लायसन्स करून टाक. पुढं एएफसीची, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाची, 'सी', 'बी', 'ए' अशी चढण आहे. आपल्या गडहिंग्लज तालुक्यातल्या अंजू तुरंबेकर 'ए'पर्यंत गेल्या आणि महासंघात तळागाळाच्या फुटबॉलचं काम पाहिलं.

नोकरीचं म्हणशील तर रेल्वे आणि पोलीस दलांच्या महिला टीम आहेत, आणि महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. कुठल्या पदासाठी कुठल्या पातळीची कामगिरी धरतात, ते शासन निर्णयात वाचून घे, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळाल्या दिवशीच नाव, तारीख आणि सही-शिक्का तपास, चूक असेल तर तिथंच दुरुस्त करून घे आणि मूळ प्रत घरी फाइलमध्ये ठेव. या प्रमाणपत्रांची विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. भरतीची जाहिरात निघाल्यावर तिथं गर्दी होते, म्हणून तो अर्ज हंगाम संपला की लगेच करायचा.